जेलीच्या पाटीवरचे डोंगर

दोस्तांनो, कुणी तुमच्या हातात कोरा कागद दिला आणि म्हणालं, "काढ बघू एक निसर्गचित्र," तर तुम्ही काय काढाल? थांबा, मीच सांगतो. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या बरोबर मधून वर येणारा सूर्य. डोंगरातून वळणं घेत निघालेली नदी, नदीत एक होडी, काठावर कौलारू झोपडी, तिच्याशेजारी वाकलेलं नारळाचं झाड आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखे पाच-सहा पक्षी. काय, ओळखलं की नाही?

गंमत म्हणजे हे चित्र देवगडची मुलगी काढते आणि लातूरचा मुलगाही हेच काढतो. आता देवगडला नारळ आणि होडी आहे, कबूल. पण लातूरच्या आसपास सपाट काळं रान पसरलेलं असतं, नजर पोचेल तिथपर्यंत. ते रान त्या मुलानं रोज पाहिलेलं असतं, पण चित्रात काही ते येत नाही. चित्रात येतं ते दुसऱ्या चित्रात पाहिलेलं. आणि ज्याला ती झोपडी सरळ काढता येत नाही, तो बिचारा मनाशी ठरवून टाकतो, "माझं ड्रॉइंग वाईट आहे." पुढे जन्मभर तो तसंच सांगत राहतो. तुमच्या ओळखीत असे निदान चार मोठे लोक निघतील, विचारून पाहा!

म्हणून आज आपण पेन्सिल आणि खोडरबर कपाटात ठेवून देणार आहोत. जेलीची पाटी करायची, तिच्यावर रंग पसरायचा, वर कागद दाबायचा आणि उचलायचा. कागदावर उमटेल ते आपलं निसर्गचित्र. त्यात झोपडी नसेल, पानापानांचं झाडही नसेल. असे आकार ओळखू येतील असे न काढता नुसत्या रंगांतून, थरांतून, पोतातून जागा उभी करणाऱ्या चित्राला अमूर्त निसर्गचित्र म्हणतात. नाव जड आहे, काम मुळीच जड नाही.

ठसा, पण एकच

ठशांचं चित्र म्हटलं की आपल्याला एकासारख्या शंभर प्रती आठवतात. इथे तसं नाही. पाटीवर काही कोरलेलं नसतं, नुसता रंग असतो. कागदानं तो उचलला की पाटी जवळजवळ रिकामी. तोच ठसा पुन्हा निघत नाही. याला मोनोटाइप म्हणतात. इटलीतल्या जेनोआ शहराचा चित्रकार जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिल्योने यानं १६४० च्या दशकात असे ठसे काढले. या पद्धतीच्या शोधाचा मान त्यालाच देतात. तो धातूच्या पत्र्यावर काळी शाई लावायचा आणि ती पुसून पुसून उजेड काढायचा.

पण निसर्गचित्रांसाठी आपल्याला जवळचा आहे तो फ्रान्सचा एदगर दगा. नाचणाऱ्या मुलींच्या चित्रांसाठी तो जगभर प्रसिद्ध आहे. हा माणूस १८९० साली एका मित्राबरोबर घोडागाडीतून बर्गंडी भागात फिरायला गेला. त्या प्रवासात पाहिलेलं मनात ठेवून त्यानं पत्र्यावर तैलरंग पसरले, चिंधीनं पुसले, बोटांनी सारवले आणि ठसे काढले. त्यांत टेकडी कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं, हे सांगणं कठीण! १८९२ साली पॅरिसमध्ये द्युराँ-रुएल यांच्या गॅलरीत ही चित्रं मांडली गेली. दगाची नजर तोवर बरीच अधू झालेली होती. आणखी एक युक्ती त्याच्याकडून उचलण्यासारखी आहे. पहिला ठसा काढल्यावर पाटीवर थोडासा रंग उरतो. त्याच्यावर दुसरा कागद दाबला की एक फिकट, धूसर ठसा मिळतो. दगा अशा फिकट ठशांवर खडूच्या रंगांनी काम करायचा. इंग्रजीत या दुसऱ्या ठशाला भुताचा ठसा म्हणतात. घाबरू नका, हे भूत फार कामाचं आहे. ते आपल्याला पुढे भेटणारच आहे.

दगाला पत्रा लागायचा आणि तो दाबायला लोखंडी यंत्र लागायचं. आपल्याला तळहात पुरतो, कारण आपली पाटी मऊ आहे.

पाटी करायची कशी?

साहित्य असं: बिनवासाचं, बिनसाखरेचं जिलेटिन चार मोठे चमचे, म्हणजे अंदाजे ४० ग्रॅम; केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. ग्लिसरीन एक कप. औषधाच्या दुकानात मिळतं. पाणी एक कप. कप अंदाजे २०० मिलिलिटरचा धरा. एवढ्यात साधारण १५ सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटरची, जवळजवळ दीड सेंटिमीटर जाडीची पाटी होते. सपाट तळाचा एखादा चौकोनी डबा किंवा ट्रे लागेल. आईला विचारून घ्या, नाहीतर बर्फीचा ट्रे नेमका दिवाळीत सापडायचा नाही!

जिलेटिन थंड पाण्यात भुरभुरा आणि दहा मिनिटं फुगू द्या. मग त्यात ग्लिसरीन घाला. आता मोठ्या पातेल्यात पाणी गरम करत ठेवून त्यात हे भांडं ठेवायचं आणि हलक्या हातानं ढवळायचं. हे काम मोठ्या माणसाला शेजारी घेऊनच करा, कारण गरम जिलेटिन कातडीला चिकटतं आणि जोरात भाजतं. मिश्रण उकळू द्यायचं नाही. एकही कण दिसेनासा झाला की झालं. ट्रेला तेलाचं बोट फिरवा, मिश्रण ओता आणि वर आलेले बुडबुडे कागदाच्या पट्टीच्या कडेनं एका बाजूला ओढून काढा. ट्रे अगदी सपाट जागी ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी कडेनं बोट फिरवून पाटी अलगद सोडवा. तळाची बाजू जास्त गुळगुळीत असते, ती वर घ्या.

हे घट्ट कसं होतं? जिलेटिनमध्ये प्रथिनांचे लांबच लांब धागे असतात. गरम पाण्यात ते मोकळे सुटतात. थंड होताना एकमेकांत गुंतून त्यांची जाळी होते आणि पाणी त्या जाळीत अडकून बसतं. नुसत्या पाण्याची पाटी चार-पाच दिवसांत सुकते किंवा तिला बुरशी येते. ग्लिसरीन घातलं की हे दोन्ही टळतं आणि पाटी महिनोन् महिने चालते. तिला चीर गेली तर? तुकडे करा, पुन्हा तसंच वितळवा, पुन्हा ओता. नवी कोरी पाटी तयार! अशी दुरुस्ती दुसऱ्या कुठल्या पाटीची होत असेल असं मला वाटत नाही.

जिलेटिन आणि ग्लिसरीनची ही जोडी जुनी आहे बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून हेक्टोग्राफ नावाचं एक साधन कचेऱ्यांत आणि शाळांत वापरलं जायचं. त्यात असाच जेलीचा ट्रे असे. विशेष शाईनं लिहिलेला कागद त्याच्यावर दाबायचा, शाई जेलीत उतरायची आणि मग कोरे कागद लावत प्रती काढायच्या. हेक्टो म्हणजे शंभर, पण शंभरावी प्रत वाचायला भिंग लागत असणार! आजोबा ज्या सायक्लोस्टाइलच्या गोष्टी सांगतात ते यंत्र मात्र वेगळं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जिलेटिन प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून करतात. तुमच्या घरात हे चालत नसेल तर चोरून आणू नका. चायना ग्रासची पाटीही जमते, पण ती ठिसूळ असते, लवकर फुटते. त्यापेक्षा जाड, गुळगुळीत प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. ठसे थोडे कोरडे येतात, पण येतात. ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी तयार पाट्याही विकत मिळतात. अमेरिकेतल्या जेली आर्ट्स या कंपनीनं २०११ पासून त्या लोकप्रिय केल्या. त्यांत जिलेटिन नसतं आणि त्या टिकतातही खूप. पण घरी ओतलेल्या पाटीची मजा तिला नाही, हे माझं मत.

आता रंग!

अॅक्रिलिक रंग घ्या. पोस्टर कलर चालतो, पण एक थर वाळल्यावर दुसरा लावला की पहिला ओला होऊन उठतो आणि सगळा चिखल होतो. अॅक्रिलिक वाळला की पक्का. म्हणूनच तो शर्टवरही पक्का बसतो! जुना शर्ट घाला आणि खाली वर्तमानपत्रं पसरा. रंग फक्त तीन घ्या, शिवाय पांढरा. जास्त घेण्याचा मोह होईल, पण आवरा.

रबरी रोलर असेल तर उत्तम. नसेल तर पाइपाचा वीतभर तुकडा घेऊन त्याच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवा. पोळपाट-लाटण्याला हात लावायचा नाही!

हरभऱ्याएवढे दोन-तीन थेंब पाटीवर टाका आणि रोलर आडवा फिरवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वरच्या भागात पांढऱ्यात जेमतेम निळा, खालच्या भागात मातीचा पिवळा. थर पातळ हवा. रोलर चिकट चुर्र आवाज करू लागला की समजा बरोबर पसरलाय. रंग जाड राहिला तर कागद नुसता घसरतो. आता ड्रॉइंग पेपर वर ठेवा, तळहातानं मधून कडेकडे घासा आणि एक कोपरा धरून हळूच सोला.

पाहिलंत? वर फिकट, खाली पिवळट आणि मधे एक अस्पष्ट रेघ. तुम्ही काहीच काढलेलं नाही, तरी डोळा म्हणतो, "हे आभाळ, ही जमीन." आडव्या रेघेचा हा प्रताप आहे. माणसाच्या डोळ्याला क्षितिजाची इतकी सवय आहे की एक आडवी रेघ मिळाली, की बाकीचं तो स्वतःच भरून काढतो. रोलरचा सुटलेला पट्टा ढग होतो, रंगाचा जाडसर डाग रान होतो. आता हेच काम डोळ्याला करू द्यायचं. आपण सगळं सांगून टाकायचं नाही.

पहिला ठसा वाळला की डोंगर. वर्तमानपत्राचा तुकडा फाडा. कात्री नको, फाडाच! फाटलेली कड कधी सरळ जात नाही. ती उतरते, चढते, मधेच तुटते. तुम्ही ठरवून अशी रेघ काढूच शकणार नाही. पाटीवर निळसर राखाडी रंग पसरा आणि हा तुकडा वरच्या भागावर असा ठेवा, की फाटलेली कड खाली येईल. झाकलेला भाग छापला जाणार नाही, उघडा भाग छापला जाईल आणि ती फाटकी कड म्हणजे तुमच्या डोंगराचा माथा. मघाचाच कागद त्याच जागी बसवून दाबा. तो जागेवर बसावा म्हणून पाटीखाली एक पांढरा कागद ठेवून त्याच्यावर कोपऱ्यांच्या खुणा करून ठेवलेल्या बऱ्या. आणि एक लक्षात ठेवा, सगळं आरशासारखं उलटं उमटतं. डावीकडचा सुळका उजवीकडे जाणार.

आता झाकण काढा. त्याच्याखालचा रंग अजून पाटीवर आहे. तो वाळायच्या आत त्याच्यावर दुसरा कागद दाबा. हेच ते आपलं भूत! पुष्कळदा मूळ ठशापेक्षा तेच जास्त सुंदर निघतं.

मग दुसरी डोंगररांग. तिचा माथा पहिलीपेक्षा खाली आणि रंग तिच्याहून गडद. मग तिसरी, आणखी खाली, आणखी गडद. असं का? महाबळेश्वरच्या किंवा माथेरानच्या एखाद्या पॉइंटवर उभं राहिलात तर समजेल. जवळचा डोंगर हिरवा-काळा, त्यामागचा निळा, त्याच्याही मागचा इतका फिका की आभाळात विरघळलेला. मधल्या हवेमुळे हे होतं. हवेचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. डोंगर जितका लांब, तितकी मधे हवा जास्त, तितका तो निळा आणि फिका. तीन रंगछटांत तुम्ही दहा-वीस किलोमीटर कागदावर आणू शकता.

खरं सांगायचं तर थरांच्या चित्राला सह्याद्रीसारखा दुसरा विषय नाही. तो स्वतःच थरांचा बनलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बाहेर पडला, पसरला, थिजला; त्याच्यावर पुढचा लाव्हा आला. असं पुन्हा पुन्हा झालं. घाटातून जाताना कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. निसर्गानं तिथे आपलाच उद्योग केलाय, फक्त वेळ जास्त घेतला.

आणि लातूरच्या मित्रा, तुझ्या चित्रात डोंगर नसले तरी चालतील. क्षितिज अगदी वर घे, खालचा पाऊण कागद काळ्या रानाला दे. पाटीवर गडद तपकिरी पसर आणि नालीदार पुठ्ठा दाबून उचल. झाली नांगरट!

पोतासाठी घर धुंडाळा. कांद्याच्या पिशवीची जाळी, गोणपाट, तुटका कंगवा, सुतळी, नारळाची शेंडी, वाळकं गवत. ओल्या रंगावर दाबायचं आणि उचलायचं. सुतळी ठेवून छापलं तर तिच्या जागी पांढरी वाट उरते. पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली करून दाबा, मग उचला आणि ठसा घ्या. शीर न् शीर उमटेल. पाटी मऊ असल्यामुळे ती पानाच्या प्रत्येक उंचवट्याभोवती दबते, पत्र्याला हे जमत नाही. टोकदार वस्तू मात्र पाटीला लावू नका.

कागद फाडून चित्र करणारे थोर चित्रकार

"छे, कागद फाडून कुठे चित्र होतं?" असं कुणी म्हणालंच, तर त्यांना वासुदेव गायतोंडे यांचं नाव सांगा. गायतोंडे मूळचे गोव्याचे, जन्म नागपूरचा, १९२४ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. ब्रशापेक्षा त्यांचा हात रोलरवर आणि रंगाच्या सुरीवर बसलेला. ते कॅनव्हासवर रंगाचे थर द्यायचे, खरवडायचे आणि कागदाचे तुकडे ओल्या रंगावर लावून उचलायचे, म्हणजे कागदावरचा रंग कॅनव्हासवर उतरायचा किंवा कॅनव्हासवरचा कागदावर यायचा. आपण आज करतोय त्याचीच थोरली बहीण म्हणा ना! वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं पुरी व्हायची. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००१ साली ते वारले आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं.

त्यांच्या कित्येक चित्रांत पाहणाऱ्याला समुद्र दिसतो, धुकं दिसतं. त्यांनी मात्र समुद्र काढलाय असं सांगितलं नाही. आपल्या चित्राला अमूर्त म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं. मुंबईला आलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. त्या संग्रहात गायतोंडे आहेत. तिथली प्रदर्शनं बदलत असतात, म्हणून आधी चौकशी करून जा.

आई-बाबांसाठी चार ओळी

मुलगी ठसा घेऊन धावत आली की आपल्या तोंडून पटकन निघतं, "हे काय आहे?" तेवढं एक गिळून टाका. "कसलं झाड आहे?" हेही नको. त्याऐवजी विचारा, "ही सकाळ की संध्याकाळ?" किंवा "इथे पाऊस पडून गेलाय का?" ती थांबेल, चित्राकडे पुन्हा पाहील आणि उत्तर देईल, कारण उत्तर तिच्याकडे असतं. आणि परीक्षेत चालेल का, असं विचाराल तर नाही चालणार. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला नेमून दिलेलं काम करायचं असतं, ते तिनं जरूर करावं. हा उद्योग रविवारचा.

पसारा होईल. तो मुलांनीच आवरायचा, हे सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्या.

पाटी पुसायला ओलं फडकं पुरे. वाळलेला रंग खोबरेल तेलाचं बोट फिरवून निघतो. घरची पाटी पाण्यात बुडवू नका. ठेवताना दोन प्लॅस्टिकच्या कागदांत, आडवी. नागपूर-जळगावकडच्या मंडळींनी मे महिन्यात ती पत्र्याखाली ठेवू नये, मऊ पडून पसरते. दुपारी ठसे घेऊच नका, रंग पाटीवर पसरता पसरताच वाळून जातो. सकाळी लवकर बसा. पावसाळ्यात याच्या उलट, एका थराला वाळायला अर्धा तास लागेल, तेवढ्यात गृहपाठ उरकतो.

न जमलेले ठसे फेकू नका. त्यांच्यावर पुन्हा छापता येतं. तरीही नाहीच जमलं, तर पट्ट्या कापून पुस्तकाच्या खुणा करा. पुठ्ठ्याला पोस्टकार्डाएवढी खिडकी पाडून ती ठशावरून सरकवत न्या. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एखादा तुकडा अचानक समोर येतो, अगदी पूर्ण चित्रासारखा. तेवढाच कापून घ्या.

आणि जो ठसा आवडेल त्याच्याखाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं सही करा. डाव्या कोपऱ्यात ठसे काढणारे चित्रकार आकडा लिहितात, पन्नासातली तिसरी प्रत असेल तर ३/५०. तुम्ही लिहा १/१.